लिहून घ्या, साहेब

दीनानाथ दिघ्यांचे आजोबा बडोदे संस्थानच्या दफ्तरात होते, वडील कलेक्टर कचेरीत आणि ते स्वतः बत्तीस वर्षं पुरवठा कचेरीत. अर्ज कसा लिहावा आणि आलेला अर्ज परत कसा पाठवावा, दोन्ही विद्या या घराण्यात मुरलेल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांच्या पत्नी शैलाताई म्हणाल्या, "घरात बसून माझ्या पोळ्यांना शेरे मारू नका." तेव्हापासून ते दर मंगळवारी बडोद्याबाहेर बाजव्याजवळच्या वस्तीत जाऊन लोकांना त्यांचे हक्क समजावू लागले, तेही कलमांसकट.

त्या वस्तीतली लीलाबेन एका कँटीनमध्ये वीस वर्षं भांडी घासत होती. सोड्याने तिच्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. रेशन दुकानातलं मशीन तिचा अंगठा ओळखेना आणि दुकानदार धान्य देईना. तीन महिने झाले. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, दोन मुली. लीलाबेन स्वतः एक वेळ जेवून भागवत होती.

दीनानाथ तिला घेऊन आपल्या जुन्या पुरवठा कचेरीत गेले. तिथेच बसून असा अर्ज लिहायचा की साहेबाची खुर्ची हलली पाहिजे, असा बेत होता. खिशात हात घातला, तर चष्मा घरी!

"लीलाबेन, उद्या येऊ या," ते ओशाळून म्हणाले.

"उद्या मला रजा नाही मिळायची, काका." आणि ती सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

टेबलामागे केयूरभाई नावाचा तरुण अधिकारी होता. मान वर न करता तो म्हणाला, "अरजी लखीने लावो, बेन."

अर्ज लिहून आणा, हे तर दीनानाथांच्याच तोंडचं होतं. हेच वाक्य, हाच सूर. लिहून आणा, लिहून आणा म्हणत त्यांनी शेकडो माणसं दारातून परत पाठवली होती.

पुढचं सगळं बोलणं गुजरातीतच झालं. आपण ते मराठीत ऐकू.

"मला लिहिता येत नाही," लीलाबेन म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. तसा कायदा आहे."

"कुणी सांगितलं?"

"या काकांनी."

सांगितलं होतं खरं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! खुर्चीत असताना त्यांनी तो कायदा एकदाही पाळला नव्हता. केयूरभाई त्यांच्याकडे बघत होता. विषय टाळता आला असता.

"आहे," दीनानाथ म्हणाले. "माहितीच्या अधिकाराचं कलम सहा. मी या खुर्चीत होतो, मी कधी कुणाचं लिहून घेतलं नाही. तुम्ही घ्या."

केयूरभाईने कोरा कागद ओढला. लीलाबेन बोलू लागली. ना रडणं, ना हात जोडणं.

"लिहा. अंगठा उमटत नाही म्हणून दुकानदार तीन महिने धान्य देत नाही. भांडी घासून माझा अंगठा गेला, पोट गेलेलं नाही. अंगठा उमटला नाही तर माणसाला उपाशी ठेवायचं, असं कुठल्या कागदात लिहिलंय, तो कागद मला दाखवा. आता वाचा."

"माझी नम्र विनंती आहे की..."

"विनंती कुठे केली मी? मी विचारलंय. खोडा ते."

त्याने खोडलं. दीनानाथांनी आयुष्यात किती मंत्री, किती कलेक्टर पाहिले. एवढा दरारा कुणाचा पाहिला नव्हता. ते आपोआप उठून उभे राहिले.

शेवटच्या ओळीवर केयूरभाई थांबला. स्वतःच्या अक्षरातला तो प्रश्न त्याने दोनदा वाचला. "असा कागद नाही, बेन," तो हळूच म्हणाला आणि त्याने दुकानदाराला फोन लावला. मशीन अंगठा ओळखत नसेल तर रजिस्टरवर नोंद करून आजच्या आज धान्य द्या, मागचंही द्या.

"हेही लिहून द्या," लीलाबेन म्हणाली. त्याने दिलं.

परतताना रिक्षात दीनानाथांचे डोळे भरून आले. करजणची एक म्हातारी त्यांच्या टेबलाशी तीनदा आली होती. तिन्ही वेळा त्यांनी तिला लिहून आणायला सांगितलं. तिला काय सांगायचं होतं, ते त्यांना आजही माहीत नव्हतं. त्यांनी हे लीलाबेनला सांगितलं.

"नाव काय तिचं?"

"विचारलंच नाही."

 लीलाबेन म्हणाली, "रविवारी मला सुट्टी आहे. करजणला जाऊ, काका. असेल तर सापडेल. तुम्ही वही घ्या, चष्मा घ्या. बोलायचं मात्र तिने."