तिन्हीसांजेची ट्यूब

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं. वाशीतल्या त्या ऑफिसांच्या इमारतीतल्या जुन्या जाड ट्यूब काढून तिनं सगळीकडे नव्या, बारीक ट्यूब बसवल्या होत्या. वीज वाचवून द्यायचं हे तिचं स्वतःचं पहिलं काम. आणि मीटर मेला आधीपेक्षा जास्तच पळत होता!

"मॅडम, या महिन्यात युनिट उतरलं नाय, तर तुमचं काम बंद," कमिटीचे चेअरमन गोटीरामशेठ म्हणाले होते.

तिनं वायरिंग तपासलं, मीटर तपासून घेतला. दोष कुठेच सापडेना. शेवटी एकदा ऑफिसं सुटल्यावर ती फाटकाशीच थांबून राहिली. अंधार पडू लागला आणि एकेक मजला उजळत गेला. रिकामी ऑफिसं, जिने, अगदी झाडू ठेवायची खोलीसुद्धा! लग्नघर परवडलं.

ती तरातरा वर गेली. वॉचमन हौसेराव, साताऱ्याकडचे, किल्ल्यांचा जुडगा घेऊन खोल्या उघडत, बटणं दाबत चालले होते.

"काका, हे काय चालवलंय?"

"आवो ताई, तिन्हीसांजंला लक्ष्मी येती. अंधारात कशी येईल? पयलं फकस्त दारातला दिवा लावत हुतो, शेठ वरडायचं. आता तुमीच सांगितलं न्हवं, ह्या नळ्या वीज खातच न्हाईत!"

वैजयंतीचा राग कुठल्या कुठे गेला. सगळ्यांसमोर छाती काढून ती खरंच तसं बोलली होती. आता बोल लावणार कुणाला?

"खातात हो काका, थोडी खातात," ती ओशाळून म्हणाली. "पण एवढ्या जणी एकदम पंगतीला बसवल्यात तर कसं व्हायचं? घरी किती दिवे लावता?"

"येकच. देवापुढं." बोलता बोलता हौसेरावांनाच हसू फुटलं. बटणं बंद करत ते मागे फिरले.

महिनाअखेरीला, संध्याकाळी, गोटीरामशेठ मीटर बघायला आले. चष्मा पुसून त्यांनी आकडा दोनदा पाहिला. युनिट चांगलंच उतरलं होतं. "मॅडम, आता शेजारच्या बिल्डिंगचं पण बघा," ते म्हणाले, आणि वैजयंतीचा जीव भांड्यात पडला.

मग शेठनी मान वर केली. सगळी इमारत काळोखात, दारात तेवढी एक ट्यूब.

"काय हो, वरची लाइट गेली काय?"

"न्हाय शेठ," हौसेराव ऐटीत म्हणाले. "लक्ष्मी आत आली. मग केली बंद."