शाळूची मुळं धरणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. मला पाहिलंत तर तुम्ही लांबूनच वळसा घालाल, कारण माझ्या एका अंगावर बोटभर अंतरानं लांब खिळे आहेत आणि टोकं सगळी बाहेर. आष्ट्याच्या एका मळ्यातल्या गोठ्यात मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. म्हशीला लागू नये म्हणून तशी ठेवली आहे.

मूळची मी ह्याच गोठ्याच्या दाराची. दार मोडलं, पण लाकूड सागाचं, म्हणून मळ्याचे मालक आदगोंडा पाटील यांनी मला टाकलं नाही. पुढं त्यांची मुलगी ब्राह्मी सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करू लागली आणि तिला खिळ्यांची फळी हवी झाली. अर्जुना सुतारानं मला घडवलं. आदगोंडा म्हणाले, अर्जुनानं शरपंजर केला, आता भीष्म तेवढा शोधायचा राहिला. ब्राह्मी खूप हसली होती. हे चौऱ्याण्णव सालचं.

माझं काम सांगते. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, धाटाशेजारी चर खणायचा, चराच्या उभ्या भिंतीत मला ठोकून बसवायचं, मागून माती कापून ठोकळ्यासकट बाहेर काढायचं आणि हौदात भिजत टाकायचं. मग बारीक धारेनं धुवायचं. माती वाहून जाते, मुळं मात्र खिळ्यांत अडकून जमिनीत जशी होती तशीच राहतात. मग ब्राह्मी ती पारदर्शक कागदावर उतरवून घेई आणि त्यावर चौकोन आखी. आधी मोठे चौकोन घ्यायचे आणि कितींमध्ये मूळ शिरलंय ते मोजायचं. मग त्याहून लहान, मग आणखी लहान. चौकोन बारीक होताना मोजणी कशी वाढत जाते, त्यावरून एक आकडा निघतो. मूळ सुतासारखं सरळ गेलं तर तो एकच्या जवळ येतो, जाळं विणून सगळी जागा भरली तर दोनच्या जवळ. मुळाला फाटा, फाट्याला फाटा, आणि लहान फाटा मोठ्याचीच नक्कल. अशा आकाराला फ्रॅक्टल म्हणतात, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. साताऱ्याच्या एका प्रदर्शनात मला मुळांसकट टेबलावर मांडलं होतं. माणसं वाकून वाकून बघत होती. तेवढंच काय ते माझं कौतुक.

ब्राह्मीला पाहायचं होतं, की तहानेनं मुळांचा आकार कसा बदलतो. घरासमोरच तिनं शाळूच्या काही ओळी भिजवायच्या आणि चार ओळी कोरड्या ठेवायच्या ठरवल्या. कोरड्या ओळींचा आकडा खाली येईल असा तिचा होरा होता. पहिल्या वर्षी अवकाळी पावसानं कोरडं-ओलं सगळं एक केलं. दुसरा हंगाम शेवटचा, कारण तिचे मार्गदर्शक सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. ती रोज एसटीनं सांगलीला जायची, रान वडिलांच्या हवाली. तिनं त्यांना बजावलं, "आण्णा, ह्या चार ओळींना पानी घालायचं न्हाई. कितीबी सुकू द्यात." ते व्हय म्हणाले.

शाळू पोटरीत आला, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, आणि एका सकाळी आदगोंडा बांधावरच कोसळले. परत उठले नाहीत.

ब्राह्मी रडली नाही. पोरगी दगड झाली, असं पाहुणे म्हणाले. सुतक फिटल्यावर ती मला उचलून रानात घेऊन गेली. चर खणला, मला ठोकलं, भिजवलं, धुतलं. हात बरोबर चालत होते, बाकी तिच्यात काही नव्हतं. मी तर लाकूड. त्या दिवसांत आम्ही दोघी सारख्याच होतो.

कोरड्या ओळींचा आकडा आला तो भिजवलेल्या ओळींइतकाच. तिनं पुन्हा मोजलं. नवं धाट खणलं, पुन्हा तेच. घराच्या पुढच्या सोप्यात मला वाळत ठेवलं होतं, तिथंच ती माझ्याशेजारी बसली आणि आईला, चंपाबाईंना, म्हणाली, की कोरड्या ओळी कोरड्या राहिलेल्या नाहीत. चंपाबाई म्हणाल्या, "त्येनी घालायचे पानी. चौदसीला."

त्यांच्या घरात थोरली माणसं महिन्यातल्या दोन्ही चतुर्दशींना निर्जळी उपास करतात. दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात जात नाही.

"म्हनायचे, उपास माजा हाय, त्या मुक्या जिवाला कशापायी? आनि तुला सांगू नगं म्हनले. वरडशील म्हनून."

"कशानं घालत हुते?"

"घागरीनं. हिरीवरनं आनून."

वर्ष गेलं, पदवी गेली, हे ब्राह्मीला कळत होतं. राग यायला हवा होता, तो आला नाही. कितीतरी वेळ ती माझ्या खिळ्यांतल्या मुळांकडे बघत राहिली. मग उठली, घागर घेतली आणि विहिरीवर गेली. कोरड्या ओळींत न खणलेली धाटं अजून उभी होती. एकेकाच्या बुंध्याशी तिनं पाणी ओतलं. घागर रिकामी झाली की परत विहीर. ओढणी खांद्यावर चिंब झाली होती. ती आली तेव्हा चंपाबाई म्हणाल्या, तुला तर उपास नाही, दोन घास खाऊन घे, पाणी तरी पी.

ब्राह्मी म्हणाली, "आज चौदस हाय, आई." आणि मग तिला रडू आलं.

हवे तसे आकडे लिहिता आले असते, तिनं लिहिले नाहीत. सर निवृत्त झाले, प्रबंध राहिला. ती कराडशेजारी मलकापूरला शाळेत शिकवू लागली आणि मी पुन्हा गोठ्यात आले. खिळे गंजले. मला त्याचं फारसं काही वाटत नाही.

मित्रांनो, मला परत कामाला लावा असं मी म्हणत नाही. एवढंच सांगते, कुणावर माया केलीत तर ती बोलून ठेवा, मागच्यांना मुळं खणून ती शोधायला लावू नका. आणि माझ्या खालच्या कोपऱ्यात दोन खिळ्यांना वेढून त्या कोरड्या ओळीतलं एक मूळ वाळून बसलं आहे. गोठा झाडाल तेव्हा तेवढं राहू द्या.