गोऱ्ह्याची फायनल

“सर, तुमच्याजवळ एखादी ब्याटरी जास्तीची असंल तं द्या ना. आमची गेली. फायनल हाय अन् आमचा रोबो जागचा हालून नाही राह्यला.”

उर्वशी केळापूरकडच्या एका लहानशा तंत्रनिकेतनातून आली होती. आणि बॅटरी मागत होती कुणाकडे, तर थोड्याच वेळात ज्यांच्याशी तिची लढत होती त्यांच्याकडे. बाहेरच्या माणसाला हा येडेपणा वाटेल, पण यंत्रांच्या या कुस्तीत रीतच तशी आहे. पिंजऱ्यात एकमेकांचे तुकडे करायचे आणि पिंजऱ्याबाहेर नटबोल्टापासून मोटारीपर्यंत लागेल ते एकमेकांना द्यायचं. समोरचा उभाच राहिला नाही तर हरवायचं कुणाला?

प्रफुल्ल सरांना ही रीत फार आवडायची. “गोपाल, देऊन टाक रे त्यांना आपली एक,” असं आपल्या विद्यार्थ्याला सांगून ते चहाला गेले. जाताना त्यांना फार बरं वाटलं.

बरं वाटायचे प्रसंग त्यांच्या नशिबी कमीच. यवतमाळच्या एका खाजगी तंत्रनिकेतनात ते कित्येक वर्षं शिकवत होते. शिकवत होते म्हणजे काय, तर वर्गात न आलेल्या पोरांची हजेरी लावत होते, बाहेरून आलेल्या परीक्षकाला मटण खाऊ घालून मार्क वाढवून घेत होते, आणि संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव यांच्या वाढदिवसाला पोरांना उन्हात रांगेनं उभं करत होते. रोज शिसारी यायची, रोज ती गिळायची. गिळायची सवय झाली की घशालाही काही वाटत नाही.

त्या सगळ्या घाणीत एकच गोष्ट त्यांनी स्वच्छ ठेवली होती. ती म्हणजे गोऱ्हा, त्यांचा लढाऊ रोबो. पहिला गोऱ्हा जुन्या कूलरच्या पत्र्याचा होता. पहिल्याच लढतीत उताणा पडला आणि झुरळासारखी चाकं हलवत राहिला. लोक पोट धरधरून हसले. म्हणून दुसऱ्याला सरांनी एवढी मोठी चाकं लावली की उलटा पडला तरी पळायचा, पण मारायला त्याच्याकडे काही नव्हतं. नुसत्या धडका देऊन गुणांवर हरला. तिसऱ्याच्या तोंडाशी त्यांनी गरगर फिरणारा लोखंडी ढोल बसवला आणि ढोलाला शेत नांगरायच्या रोटाव्हेटरच्या पात्यातून कापलेले दोन दात. हा गोऱ्हा समोरच्याला खालून उचलून फेकायचा. इतर कॉलेजं तयार रोबो विकत आणून आपला म्हणून मिरवायची. सरांनी ते कधी केलं नाही. आज गोऱ्हा पहिल्यांदा अंतिम फेरीत आला होता. आयुष्यात एक तरी गोष्ट खरेपणानं जिंकलेली पाहावी, एवढंच त्यांना हवं होतं.

चहा पिऊन ते परतले तेव्हा दोन्ही रोबो पिंजऱ्यात उतरले होते. सरांची नजर सहज आपल्या पेटीकडे गेली. जास्तीच्या दोन्ही चांगल्या बॅटऱ्या तिथंच होत्या. वाळूच्या बादलीत मात्र काही नव्हतं. सकाळी एक बॅटरी फुगून टम्म झाली होती. तशी बॅटरी कधी पेट घेईल सांगता येत नाही, म्हणून त्यांनीच ती बादलीत ठेवायला लावली होती.

“गोपाल, त्या पोरीले कोणती ब्याटरी देली तू?”

गोपाल हातात रिमोट धरून उभा होता. “फुगेल होती ना, ते. फोम लावला, वरून काळी टेप गुंडाळली. समजतच नाही.”

“काहून?”

“तं का चांगली देऊ? फायनल हाय सर.”

फायनल पाहायला आलेले, मागे खुर्चीवर बसलेले पुंडलिकराव खदखदून हसले. “पोट्टं हुशार हाय, मास्तर. तुमच्याच हाताखाली शिकलं.” त्यांच्या तोंडातल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचा वास सरांच्या मानेवर आला.

“हे चुकीचं हाय, गोपाल. वंगाळ हाय.”

गोपालनं वळूनही पाहिलं नाही. “सर, परीक्षकाले मटण कोन खाऊ घालते? तवा नाही वाटत वंगाळ?”

लढत सुरू झाल्याचा भोंगा वाजला. सर तिथंच उभे राहिले. पोराचा राग यायला हवा होता, आला नाही. आली ती किळस, आणि तीही पोराची नाही. इतकी वर्षं ज्या हातानं खोटी हजेरी लावली, तो आपलाच हात त्यांना नकोसा वाटला.

पिंजऱ्यात उर्वशीचा रोबो जोरात सुटला, मध्येच अडखळला आणि थांबला. गोऱ्ह्यानं त्याला उचलून पिंजऱ्याच्या काचेवर आपटलं. त्याच्या पोटातून धूर निघाला. बॅटरी जळल्याचा तो गोडसर, कुजका वास सगळीकडे पसरला. लोक ओरडत होते, “मार! अजून मार!” पंचानं मोजायला सुरुवात केली. एवढी मोजणी संपली की गोऱ्हा जिंकणार होता.

प्रत्येक टीमसमोर एक लाल बटन असतं. दाबलं की लढत तिथंच थांबते आणि दाबणारा हरतो. गोपालनं सरांचा हात धरला. “सर, पाया पडतो तुमच्या. जिंकलो ना आपन!”

सरांनी हात सोडवून घेतला आणि बटन दाबलं.

“डोस्कं फिरलं काय, मास्तर?” पुंडलिकराव खुर्चीवरून उठले. “उद्या हापिसात या. पाहतो तुमाले.” पलीकडे भोंग्यावरून विजेता म्हणून केळापूरकडच्या त्या तंत्रनिकेतनाचं नाव पुकारलं जात होतं. गोपाल रिमोट टेबलावर आदळून निघून गेला.

धुरावर वाळू टाकून उर्वशी धावतच आली. तिनं सरांचा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी होतं. “सर, तुमी थांबवलं म्हणून वाचला आमचा रोबो. दुसरं कोनी असतं तं थांबलं नसतं. तुमच्यासारखे सर पायजे होते आमाले.”

हेही गिळता आलं असतं. कुणाला काही कळलंही नसतं.

“उर्वशी,” सर म्हणाले, “ते ब्याटरी फुगेल होती. आमच्या टीमनं मुद्दाम देली. लढत सुरू व्हायच्या आधी मले समजलं होतं, तरी मी बोललो नाही.”

तिला आधी कळलंच नाही. मग तिनं सरांचा हात हळूच सोडला. तिच्या हातांना राख होती, वाळू होती, तेल होतं. ते तिनं पँटला पुसले, दोनदा पुसले, आणि आपल्या रोबोकडे परत गेली.