दोन सेंटीमीटर

अमरावतीत पोलीस भरती होती, त्या दिवशी आचल घरच्या भाजीच्या टेम्पोत, मेथीच्या जुड्यांशेजारी आडवी पडून मैदानापर्यंत गेली. उभं राहिलं की माणूस खचतं, अर्धा सेंटीमीटर तरी कमी भरतं, असं भरतीच्या पोरी सांगतात. आणि तिला अर्धाही गमावून चालणार नव्हतं.

पट्टी डोक्याला टेकली. एकशे त्रेपन्न. पाहिजेत एकशे पंचावन्न. धावणं नाही, गोळा नाही, थेट बाहेर! दोन वर्षं घाम गाळला, त्याची किंमत बोटभर उंचीनं शून्य केली.

रांगेतली तेल्हाऱ्याची पोरगी म्हणाली, "अकोल्यात जठारपेठेत हार्मोनचे डॉक्टर हायेत. उंचीचं इंजेक्शन असते म्हन्ते."

आचलनं घरी येऊन आईला सांगितलं. शालू एकदम फिसकारली. "काई नसते तसं. लुटतात नुसते!"

"काहून वं आई? विचाराले काय जाते?"

शालू ऐकेना. मग आचल एकटीच निघाली, तशी शालू चपला पायात अडकवत मागं धावली.

दवाखान्यात म्हातारे डॉक्टर आचलकडं न बघता शालूकडंच बघून हसले. "अरे, शालूताई! शुभम कसा आहे? किती झाली उंची?"

"एकशे चौऱ्याहत्तर," आचलच बोलली. शुभम तिचा थोरला भाऊ. "पण दादाले तुमी कसे वळखता?"

शालूनं पदर तोंडाशी नेला. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी आधी आचलच्या हाताचा एक्स-रे काढून आणायला लावला, तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला, आणि मग सरळच सांगितलं.

"मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तो वाढीचा हुकूम सोडतो. त्याच्याखाली वाटाण्याएवढी पिट्युटरी लोंबते. हुकूम आला की ती वाढीचं हार्मोन रक्तात सोडते. तुम्हा दोघा भावंडांत हुकूमच अर्धवट यायचा. पिट्युटरी ठणठणीत, पण सांगितल्याशिवाय ती तरी काय करणार? म्हणून ते हार्मोन बाहेरून, रोज सुईनं द्यायचं. दोघांची तपासणी मीच केली होती. तू नऊ वर्षांची होतीस, तुला आठवत नसेल."

"मंग आता द्या."

"हाडांची टोकं जुळली, बेटा. आता नाही होत."

आचलला आठवलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. चार वर्षं रोज संध्याकाळी दादाचं 'ताकदीचं औषध' फ्रिजमधून कोण काढून आणायचं? ही! सुई टोचली की त्याच्या मांडीवर फुंकर कोण घालायचं? ही! दादा रडला की गोड गोळी त्याला, आणि कौतुक हिला, "किती गुणाची पोट्टी माही!" अगं माय गं, केसानं गळा कापतात तो असा, हसत हसत, डोक्यावरून हात फिरवत.

दोघी अकोल्याच्या स्टँडवर आल्या. तिथं शालूच रडायला लागली. "तुह्या बाबानं म्हटलं, सुया महाग हायेत, एकाचंच झेपते. पोट्ट्याले बुटकं ठेवून कसं चालन? पोरीचं तं खपून जाते. मी हो म्हटलं, आचल. माह्याच तोंडानं म्हटलं."

"मले सांगतलं काहून नाई? दोन वर्स मी झाडाले लोंबकळून राहिली. तू खाली उभी राहून मोजत होती, आई! शंभर झाले, आनखी पन्नास कर, म्हनत होती!"

 डोळे पुसून पुसून शालूचा पदर ओला झाला होता.

आचलला एकच गोष्ट राहून राहून कळेना. दर मंगळवारी आई अनवाणी अंबादेवीला जायची. पायाला फोड आले तरी जायची. पोरीच्या उंचीसाठी जाते, असं समजून आचल रात्री तिच्या पायांना तेल लावून द्यायची.

"मंग देवीले काय मांगत होती तू?"

शालू खाली बघत म्हणाली, "तुले कदी समजू नये. येवढंच."

अमरावतीची गाडी लागली. आचल आधी चढली, खिडकीपाशी बसली आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर तिनं बॅग ठेवली. अर्ध्या वाटेवरचं मूर्तिजापूर आलं तरी ती उचलली नाही. शालू दांड्याला धरून उभीच होती.