फरशीवरचा तिसरा दगड

"मामा, दगड तर दिसत्यात की. घालू का टेम्पो?" रंगनाथनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं.

कोंडीरामनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ओढ्याचं गढूळ पाणी फरशीवरून, म्हणजे रस्त्याच्या बुटक्या पुलावरून, घोंघावत चाललं होतं. फरशीच्या दोन्ही कडांना पांढऱ्या दगडांची रांग पाण्याच्या वर वीतभर दिसत होती.

"थांब जरा."

"आता का थांबायचं? नेम तुमचाच हाय."

नेम त्यांचाच होता. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जामखेडला सरकारी जीप चालवली. या कोरड्या भागात ओढ्याला पूर वर्षातून एखाद्या वेळी येतो, त्यामुळे पाण्यातून गाडी काढायची सवय कुणाच्याच हाताला नसते. म्हणून नव्या ड्रायव्हरला ते इथं कोरड्या फरशीवर आणून शिकवायचे. दगड गुडघ्याइतके आहेत. त्यांचा माथा दिसतोय तोवर पाणी गुडघ्याखाली. मग पहिला गिअर टाकायचा, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. माथा दिसेनासा झाला, तर गाडी बंद करून चहा प्यायचा. हे शेवटचं ते दोनदा सांगायचे.

आज माथे दिसत होते. पण काठावरच्या बाभळीच्या बेचक्यात पाणी शिरलं होतं. बेचक्याला पाणी लागलं की फरशीवर कमरेइतकं असतं, हेही त्यांना पक्कं माहीत होतं. दगड एक सांगत होते, बाभूळ दुसरंच. बाभूळ झुकली असेल का? की दोष आपल्याच डोळ्यांचा?

संक्रांतीनंतर नगरला त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आणि ते माधुरीकडे, मुलीकडेच राहिले. गेल्या आठवड्यात एसटीनं परतताना हे दगड त्यांना फार मोठे वाटले होते. पण जाड भिंगातून सगळंच मोठं दिसणार, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. घरी भाकरीसुद्धा परातीएवढी दिसली. बायको, भामाबाई, म्हणाली होती, "मग आता अर्धीच खात जा."

त्यांनी एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. दगड वीतभरच राहिले.

पलीकडच्या उतारावर दिवे दिसले. पांढरी सुमो होती.

"गोरक्ष आला," रंगनाथ म्हणाला. "बाजारची दहा-बारा मानसं असत्याल आत. बगा, त्यो घालतोय का न्हाई."

गोरक्षइतकं मन लावून त्यांच्याकडे कुणी शिकलं नव्हतं. तो खाली उतरला, त्यानं दगडांकडे पाहिलं आणि रेडिएटरवर पाणी आदळू नये म्हणून पुढं गोणपाट बांधायला लागला. शिकवलेलं एकूण एक तो करत होता. कोंडीरामना बरं वाटलं, पण त्यांची नजर पुन्हा बाभळीकडे वळली.

रस्त्याच्या गँगमध्ये काम करणारी लंकाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शेजारी उभी होती. त्यांनी तिलाच विचारलं, "लंकाबाई, खरं सांग. ते दगड तुला केवढे दिसत्यात?"

"वीतभर."

"मला बी तेवढंच. मग ही बाभळ का बुडाली?"

"बुडंल न्हाई तर काय. कमरंला लागंल इतकं पानी हाय."

"अगं, कमरेला लागलं असतं तर दगड दिसलं असतं का?"

लंकाबाईनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं. "दादा, जुनं दगड ऱ्हायलं कुटं? उन्हाळ्यात नवं बसिवलं, कमरंच्या वर येत्यात. म्याच तर चुना दिलाय."

कोंडीराम पाण्याच्या कडेला धावले. मग ओरडले, "गोरक्षा! थांब!"

पाण्याच्या आवाजात ते कुठंच पोचलं नाही. त्यांनी दोन्ही हात उंच करून हलवले. गोरक्ष तोवर गाडीत बसला होता; त्यानं खिडकीतून हात वर केला. कोरड्या फरशीवर शिकवताना ते असेच हात हलवून म्हणायचे, ये, भिऊ नको, ये. सुमो उतार उतरू लागली.

"आरं, त्याला वाटतंय मी बोलावतोय! रंगनाथ, दोर काढ टेम्पोतला."

दोर कमरेला बांधून दुसरं टोक त्यांनी दोघांच्या हातात दिलं. चष्मा वाहून जायला नको म्हणून लंकाबाईकडे दिला आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाचे दगड धरत ते पाण्यात शिरले. पहिल्या दगडाशी पाणी गुडघ्याला लागलं. दुसऱ्याशी मांडीला. तिसऱ्याशी कमरेला. तिथं त्यांनी दगडाच्या माथ्यावर हात ठेवला आणि उंची मोजायला भिंतीशी उभं केलेल्या पोरासारखे ते ताठ उभे राहिले. हात हलवला नाही. काही ओरडले नाहीत; पाणी कुठवर आहे, ते गोरक्षला दिसलं की पुरे होतं.

चष्म्यावाचून समोर दोन पिवळे ठिपके होते. ते मोठे होतायत की जागच्या जागीच आहेत, त्यांना समजेना. पायाखालची वाळू सरकत होती. मग ठिपके थरथरल्यासारखे झाले. हे पाणी डोळ्यांत, की दिवे हलतायत?

"मागं घेतली!" रंगनाथचा आवाज आला. "मामा, मागं घेतली त्यानं! या आता!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी उघडी पडली. लंकाबाई डांबराचा डबा धरून होती. कोंडीराम प्रत्येक दगडाला गुडघा टेकवायचे आणि गुडघ्याच्या उंचीवर ब्रशनं काळी रेघ ओढायचे. गोरक्ष सुमो थांबवून उतरला.

"मामा, मला वाटलं तुमी या म्हनताय."

"मला बी वाटलं, माझं डोळं गेलं."

गोरक्षनं वाकून रेघ पाहिली. "मग आता नेम काय सांगायचा पोरास्नी?"

कोंडीरामनी ब्रश डब्यात बुडवला.

"काळी रेघ दिसली पायजे," ते म्हणाले. "आन् दगड कुनी बदललं का, ते आदी लंकाबाईला इचारायचं."

ते पुढच्या दगडाशी गेले आणि गुडघा टेकवला. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर उजव्या गुडघ्याशी डांबराचा डाग दगडागणिक मोठा होत चालला होता.