तिसऱ्या पायरीवरचं लाल

दोघी बहिणींच्या हातांवर ते लाल ऊन काही पडलं नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कोणी भांडायला नको. आता हे सांगितलंच नाही असं धरू, आणि सबीहाला तर मुळीच कळू द्यायचं नाही. कारण ती सध्या कंप्युटरसमोर बसून लाल रंग शोधून राहिली आहे.

सबीहा अकोल्यात चंद्रभानच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायची. त्या वर्षी वऱ्हाडात कापसापेक्षा फ्लेक्सचं पीक जोरात होतं. कापसाला भाव नव्हता, पण वाढदिवसाला होता. सबीहाच्या माउसखालून गोरा होऊन निघाल्याशिवाय गावात कोणी भावी नगरसेवक होत नसे.

अशा दुकानात एक दिवस अकोटचे पंजाबराव आले. त्यांची कापसाची जिनिंग गिरणी बंद पडली आणि अकोल्यातलं नवं घर पूर्ण झालं, दोन्ही एकाच आठवड्यात. त्यामुळे हसावं की रडावं हे न ठरवता ते नव्या घराच्या जिन्यात बसून असायचे. जिन्यात पश्चिमेला एक मोठं भोक होतं. अमरावतीच्या एका चर्चमध्ये त्यांनी रंगीत काचांची खिडकी पाहिली होती, तशी त्यांना तिथे पाहिजे होती.

"पण देवबिव नको," ते म्हणाले. "कापूस पायजे."

"काका, कापूस पांढरा असते. मंग रंगीत काच कायले?"

पंजाबरावांनी बराच विचार केला. "मंग फुलं टाक. पिवळी."

"एक लाल टाकू?"

"टाक ना. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पिवळं, दुसऱ्या दिवशी लाल. लाल पडलं म्हणजे बोंड धरलं समज."

सबीहाने मान डोलावली. बोंडाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त लाल पाहिजे होता.

त्याचं असं की, लहानपणी बाळापूरला सबीहाच्या घरचे भाड्याच्या खोलीत राहायचे. दारावरच्या झरोक्यात चार काचा होत्या, तीन साध्या आणि एक लाल. ती लाल का, हे कोणालाच माहीत नव्हतं. घरमालकाकडे तेवढीच उरली असावी. पण संध्याकाळी तिच्यातून भाकरीएवढा लाल उजेड फरशीवर उतरायचा, आणि सबीहा व तिची मोठी बहीण तहरीम त्यात तळहात धरून बसायच्या. उन्हाची मेंदी. जिचा हात शेवटपर्यंत लाल राहील ती जिंकली. तहरीमच जिंकायची, कारण तिचा हात मोठा होता आणि ती ढकलायचीही. पुढे तहरीमचं लग्न झालं तेव्हा हातावरची खरी मेंदी बघून ती हळूच म्हणाली होती, "उन्हाची जास्त रंगायची." मग ती अचलपूरला गेली, सबीहाच्या घरचे खोली सोडून अकोल्याला आले, आणि झरोक्याच्या जागी घरमालकाने पंखा बसवला.

तर सबीहाने कंप्युटरवर, कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये, कपाशीचं झाड काढलं. पानं हिरवी, फुलं पिवळी, मधोमध ताटलीएवढं एक लाल. प्रत्येक काचेच्या कडेला जाड काळी रेघ, कारण तिथे शिशाची पट्टी येणार होती. मधूनमधून लाइट जायची आणि सगळी बाग काळ्या पडद्यात बुडायची. लाइट आली की ती पुन्हा लाल शोधायला लागायची. एक टोमॅटोसारखा निघे, एक सत्कारातल्या फेट्यासारखा, एक नुसताच चिडलेला. बाळापूरचा काही निघेना. शेवटी डोळे मिटून, हात आठवून, तिने एक लावला.

डिझाइनची सीडी एसटीने अमरावतीला गयासुद्दीन मिस्त्रींकडे गेली. काचा तेच कापणार होते. त्यांचा फोन आला.

"बेटा, तुझ्या मशीनमध्ये लाल किती हायेत?"

"लाखभर असतील, चचा."

"माझ्याकडं दोन हायेत. त्यातला एक फुटेल हाय."

"मंग जो हाय तो लावा."

"तोच लावतो. तुले विचारून लावला असं वाटावं म्हणून फोन केला."

दिवाळीनंतर खिडकी बसली. सबीहा बघायला गेली नाही. तहरीमआपा येईल तेव्हाच, दोघींनी मिळून, आधी एकटीने नाही, असं तिने ठरवलं होतं. चंद्रभान म्हणाला, "आपली खिडकी आपण पाहात नाई, हे कोणतं व्रत वं?" खिडकी कशी आहे ते तिला पंजाबराव फोनवर सांगायचे.

"काल तुह्यं लाल आलं बाई. तिसऱ्या पायरीवर."

"मंग?"

"मंग काय. मी पाय बाजूले घेतले."

हे ऐकून ती दिवसभर एका भावी नगरसेवकाला गोरं करायचं विसरली.

तहरीमला सासरहून निघता येत नव्हतं. आधी नणंदेचं लग्न, मग सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं. मग बातमी आली की तिच्या नवऱ्याचं कापसाच्या गाठींचं काम पार बसलं, आणि सगळं घर सुरतेला चाललं आहे, कायमचं. जायच्या आधी एक दिवस ती अकोल्याला येणार होती. सकाळी यायचं, संध्याकाळी साडेपाचच्या बसने परत.

त्याच आठवड्यात असेच एक भावी नगरसेवक, कुलदीपभाऊ, दुकानात आले. सरकारने शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर केलं होतं, आणि त्याबद्दल सरकारचं अभिनंदन करणारा, पण फोटो मुख्यतः कुलदीपभाऊंचा असलेला फ्लेक्स त्यांना पाहिजे होता. "मोठा पायजे," ते म्हणाले. "सूर्य झाकला पायजे, असा." सबीहाने मान खाली घालून काम केलं. भाऊंना गोरं केलं, कानामागे पिवळी आभा दिली, कापसाची बोंडं चिकटवली. कुठे लागणार हे विचारलं नाही. फ्लेक्स कुठे लागतो हे कोणी विचारत नाही.

तहरीम आली. अंगाने बारीक झाली होती. दोघी पंजाबरावांकडे गेल्या, चार वाजता. पंजाबराव जिन्यात नव्हते, ओसरीत बसले होते. त्यांनी नुसतं आत बोट दाखवलं.

खिडकी होती. झाड होतं, फुलं होती, सगळी राखेच्या रंगाची. तिसऱ्या पायरीवर काहीच नव्हतं. तरी तहरीम खाली बसली आणि तिने तळहात धरला. सबीहाही शेजारी बसली.

"कुठी हाय गं लाल?"

"येईन आता. थांब."

थांबल्या. काचेपलीकडे एक मोठा अंधुक चेहरा होता, उलटा छापल्यासारखा. सबीहाने नीट पाहिलं. कानामागची आभा तिने लगेच ओळखली. स्वतःच्या हातची होती.

ती बाहेर आली. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, बांबूंवर, दुमजली कुलदीपभाऊ हात जोडून उभे होते. त्यांची पाठ घराकडे होती आणि सूर्य त्यांच्या तोंडावर. तिने चंद्रभानकडून नंबर घेऊन फोन लावला.

"काढता नाई येत ताई," कुलदीपभाऊ अतिशय नम्रपणे म्हणाले. "पॅकेज येईपर्यंत राहीन."

"कदी येईन?"

"येईन ना," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

आत तहरीम अजून हात धरून बसली होती. सबीहा आली तशी तिने तिचा हात ओढून आपल्या हाताखाली ठेवला, वर आपला मोठा पंजा, आणि म्हणाली, "मीच जिंकली." मग दोघी बसस्थानकावर गेल्या. अचलपूरची बस वेळेवर सुटली. ती एरवी कधीच वेळेवर सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच सबीहाने कंप्युटर सुरू केला आणि पहिलं काम म्हणून हे टाइप केलं:

प्रति, मा. आयुक्त साहेब, अकोला.

विषय : फ्लेक्समध्ये भोक पाडण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, सदर फ्लेक्स पॅकेज येईपर्यंत काढता येणार नाही, हे अर्जदारास समजले आहे. तरी श्री. कुलदीपभाऊ यांच्या डाव्या कानाच्या जागी ताटलीएवढे गोल भोक पाडण्यात यावे. त्यातून येणारे ऊन पंजाबराव यांच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, अर्जदाराच्या बहिणीच्या उजव्या तळहातावर पडेपर्यंत सुरतेला जाणारी गाडी स्थानकातच थांबवून ठेवण्याचे आदेश संबंधितांना व्हावेत, ही नम्र विनंती.