पाऊलखूण वापरायची रीत

सुरेंद्रचा फोन वाजायचा थांबला, तेव्हा आधी त्याला वाटलं, रेंज गेली. त्याने फोन खिडकीत नेऊन ठेवला. मग बंद करून चालू केला. मग बायकोच्या फोनवरून, तिला न सांगता, स्वतःलाच एक मिस कॉल दिला. फोन धडधाकट होता. माणसंच फोन करायची थांबली होती.

सात वर्षं हा फोन मोहाच्या फुलासारखा पहाटेपासून टपटपत असे. आलापल्लीच्या पलीकडून बुधरी बोलायची, "सुरेंद्रभाऊ, काळी खिडकी लाल अक्षरं दाखवून राह्यली." मोहर्लीकडून निवृत्त मास्तर भैयाजी विचारायचे, "अजी, हे रुसलं काय जी?" जंगलाकाठच्या चाळीसेक गावांनी झाडांना कॅमेरे बांधलेले. समोरून वाघ जावो, रानगवा जावो की कोणाची चुकार गाय, फोटो निघायचा. महिन्याकाठी कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं आणि गावच्या संगणकात ते फोटो दिवसवार लावायचे. ते लावून देणारा प्रोग्राम सुरेंद्रने लिहिला होता, पाऊलखूण नावाचा. त्याला बटणं नव्हती, चित्रं नव्हती. काळी खिडकी उघडायची, तिच्यात कमांड लिहायची, एंटर मारायचं. गावांतले संगणक म्हातारे, त्यांना एवढंच झेपायचं.

आणि प्रोग्रामसोबत सुरेंद्रने एक पुस्तिकाही लिहिली होती. तिचं पहिलं वाक्य असं: "सदर आज्ञा कार्यान्वित करण्यापूर्वी वापरकर्त्याने इष्ट निर्देशिकेचे अस्तित्व सुनिश्चित करणे अनिवार्य राहील." सुरेंद्र गडचांदूरचा. पुण्याच्या होस्टेलात पहिल्याच दिवशी तो "मले" म्हणाला आणि चार वर्षं पोरं त्याला "मले" याच नावाने हाक मारत राहिली. तेव्हापासून लिहायला बसला की तो कोट चढवूनच बसे. पुस्तिका कोणाला कळायची नाही. कळली नाही की माणसं फोन करायची. फोनवर मात्र कोट खुंटीला.

"अजी भैयाजी, कार्ड हळू लावा. घाई नका करू, वाघ काही पळून नाई राह्यला."

हे फोन त्याला भाकरीसारखे लागायचे. कोणी विचारलं तर तो वैतागाने मान हलवायचा, "जेवू नाई देत लोकं." पण ताटावरून उठताना त्याचा चेहरा न्याहाळला असता तर कळलं असतं, हा माणूस आत्ता जेवला.

सुरेंद्र ज्या संस्थेसाठी हे काम करायचा, तिथं जया वर्षभरापूर्वी आली. सिंदेवाहीकडची, धानाच्या मुलखातली. नोंदी टाकायचं तिचं काम. एक दिवस तिने सुरेंद्रला विचारलं, "भाऊ, तुमची पुस्तिका थोडी सोपी करून पाहू काय मी?"

"पाह्य," तो म्हणाला. मनात म्हणाला, पाहीन तुझं काय होते ते.

तिची रीत तिचीच होती. ऑफिस झाडणाऱ्या गुणाबाईला ती संगणकापुढं बसवायची. एक ओळ वाचून दाखवायची. गुणाबाईचा हात चालला तर ओळ ठेवायची, अडला तर तिथं तोडायची. गुणाबाई कुरकुरायची, "माह्या हातानं वाघ मोजता काय तुमी लोकं?" आणि पुढची ओळ मागायची.

"असं कुठी शिकलीस?" सुरेंद्रने एकदा न राहवून विचारलं.

"रोवणीत," जया म्हणाली. "आमच्या इकडे धानाच्या बांधीत बाया पऱ्हे, म्हणजे रोपं, रोवतात अन् मागं मागं सरकतात. एकजण गाणं सांगते. ओळ लांब झाली का रांग मोडते, कोणाचा पाय कोणाच्या पऱ्ह्यावर. ओळ हाताएवढी पायजे." आणि ती पडद्यावरची नजर न हलवता गुणगुणली:

"एक काडी डाव्या हाती,
दुसरी चिखलात गं,
मागं सरक, बाई माझे,
पुढं हिरवी वाट गं."

सुरेंद्रच्या गावाला चुनखडीची धूळ होती आणि कापूस होता. त्याला असली गाणी कोणी दिली नव्हती. त्याच्या पोटात काहीतरी बोरीच्या काट्यासारखं मोडलं, आणि मोडलेला काटा उरलाच आत.

संस्था रंजीताबाई चालवायच्या. त्यांनी जयाची पानं वाचली आणि सुरेंद्रला विचारायच्या आधी गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. तीन आठवडे झाले त्याला. फोन थांबला तो तेव्हापासून.

जयाची पुस्तिका अजून प्रोग्रामच्या पोटात गेली नव्हती. काळ्या खिडकीत "पाऊल मदत" लिहिलं की अजून जुनीच यायची, कोटवाली. नवी आत घालायची तर सुरेंद्रची मंजुरी लागत होती, आणि ती तो देत नव्हता. "तपासून राह्यलो" म्हणायचा. तपासायला त्याने ती एकदाही उघडली नव्हती. शेवटी रंजीताबाईच बोलल्या, "मोहर्लीले शिबिर हाय. सगळी गावं येतील. लोकांले चालली तर तिथंच मंजूर करून टाक, सुरेंद्र."

तो हो म्हणाला. कारण त्याला एक गोष्ट ठाऊक होती जी जयाला ठाऊक नव्हती.

पाऊलखूण फोटो लावता लावता ते कार्डावरून उचलायची, कार्डावर मागं काही ठेवायची नाही. मधेच लाइट गेली तर अर्धे फोटो ना इकडे ना तिकडे. म्हणून फोनवर सुरेंद्र आधी एक ओळ लिहायला लावायचा. त्या ओळीसाठी तो फोन घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जायचा आणि एकेक अक्षर सांगायचा. दर कार्डाला ओळ वेगळी, त्यामुळे कोणाला ती टिपून ठेवता यायची नाही. लोकं तिला भाऊचा मंत्र म्हणत. सुरवातीला पुस्तिकेत घालायची राहून गेली होती. मग त्याने घातली नाही. गावातला म्हातारा जडीबुटीवाला पाल्याचं नाव सांगत नाही. सांगितलं की गुण जातो म्हणतात. गुण पाल्याचा जातो की म्हाताऱ्याचा, ते कोणी विचारत नाही.

जयाच्या पानांत मंत्र नाही, म्हणजे आता लागत नसेल, असं समजून तीन आठवडे गावं त्या ओळीशिवाय फोटो लावत होती. नशिबाने कुठं बिघडलं नव्हतं. सुरेंद्र हे जाणून होता आणि गप्प होता. आपण कशाची वाट पाहतो आहोत, हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

मोहर्लीच्या सभागृहात सकाळी तीसेक माणसं जमली. बाहेरून सफारीच्या जिप्सी धूळ उडवत जात होत्या. आत पंखा कधी जोरात फिरायचा, कधी पेंगायचा. सुरेंद्र मागच्या भिंतीशी आपला लॅपटॉप घेऊन बसला, सगळ्यांना दिसेल असा. येता-जाता माणसं हसून नमस्कार करायची, "कसे हाय भाऊ, दिसलेच नाई गंज दिवस," आणि पुढं जाऊन जयाजवळ बसायची.

पहिला मान भैयाजींना दिला. त्यांच्या गावचा संगणक मोठ्या पडद्याला जोडला. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, तार काढली की प्राण गेला. भैयाजींनी चष्मा लावला आणि जयाची पानं शाळेतल्यासारखी मोठ्याने वाचू लागले.

"कार्ड हळू लावा. घाई करू नका, वाघ पळून जात नाही." ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं. "अरे, हे तं सुरेंद्रभाऊ बोलून राह्यला."

सभागृह हसलं. बुधरी म्हणाली, "मले तं वाचताना त्याईचाच आवाज येते."

"मंग काय," जया म्हणाली. "भाऊ दिवसभर फोनवर बोलत, मी बाजूच्या टेबलावर ऐकत होती. मी काही नवं नाई लिवलं."

सुरेंद्रने शेजारच्याच्या हातातली पानं घेतली. पहिल्यांदा वाचली. लाल अक्षरं आली तर घाबरू नका, ती शिव्या नसतात. अडलं तर वरच्या बाणाचं बटण दाबा, मागची ओळ परत येते. सगळं त्याचंच. सात वर्षं त्याने ज्याला लिहिण्याच्या लायकीचं मानलं नाही, ते त्याचं घरचं बोलणं इथं धुऊन, घडी घालून ठेवलं होतं. आता जळावं तरी कोणावर? जयावर जळावं तर शब्द आपले. आणि शब्द आपले, तर लोकं तिच्याजवळ का बसली? आपल्याच घरची गाय दुसऱ्याच्या दारी जास्त दूध देताना पाहावी, तसं त्याला झालं.

"आता लिहा," भैयाजी वाचत होते, "पाऊल लाव." एका बोटाने ते अक्षरं शोधू लागले.

पंखा पेंगला. पुन्हा फिरला.

सुरेंद्रने पंख्याकडे पाहिलं, मग भिंतीतल्या तारेकडे. एंटर मारलं आणि लाइट गेली, की झालं. सगळ्या गावांसमोर. उद्या सकाळपासून फोन टपटपू लागतील. हा विचार त्याच्या जिभेवर मोहाच्या फुलासारखा गोड आला, उग्र आणि गोड, आणि तो गिळायची त्याला घाई नव्हती.

"यात आमच्या नाल्यावरची वाघीण हाय," भैयाजी शेजारच्याला सांगत होते. "पिल्लं हायेत तीन. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ओझरती पाह्यली मी. गावानं अजून नाई पाह्यली." त्यांनी बोट उचललं. ते मागच्या भिंतीकडे बघतही नव्हते.

"भैयाजी, एंटर नका मारू."

आवाज स्वतःचाच होता हे सुरेंद्रला जरा वेळाने कळलं.

"काऊन जी?"

"आधी नक्कल करा लागते. कार्डाची. लाइट गेली तं फोटो जातील."

"नक्कल कशी करतात?"

"थे... मी जी ओळ सांगतो ना. अक्षरं."

मग बुधरी सावकाश म्हणाली, "म्हणजे मंत्र म्हणजे नक्कल?"

"हो."

"सात वर्षं मी आंघोळ करून लिवत होती थे."

माणसं खदखदून हसली. सुरेंद्रही हसला, पण त्याचे कान तापले होते. जया हसली नाही. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तीन आठवड्यांचा हिशोब तिच्या डोळ्यात लागताना त्याला दिसला.

"तुमी मले सांगतलं काऊन नाई, भाऊ? गावं तशीच फोटो लावून राह्यली होती."

त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते तीस माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. "राह्यलं," तो म्हणाला.

तिला ते पटलं नाही, हेही त्याला दिसलं. तिने वही ओढली. "आता सांगा. लिवू नका, सांगा. कडुनिंबाखाली सांगता तसं."

म्हणजे तिला कडुनिंबही माहीत होता. सुरेंद्र पुढं गेला. कार्डाचं नाव पडद्यावर कुठं येतं ते त्याने दाखवलं, ओळ कशी बनते ते दाखवलं. मग भैयाजींकडे बघून बोलला, "कार्ड लावलं का पहिले त्याची एक नक्कल बाजूले काढून ठेवा बावा, कायले का आपल्या इकडच्या लाइटीचा काही भरवसा नाई, अन् एकदा का फोटो गेला तं जंगलात जाऊन वाघाले म्हणता येत नाई का परत उभा राह्य."

जयाने लिहिलं आणि वही त्याच्यापुढं केली. "आधी कार्डाची नक्कल काढा. लाइटीचा भरवसा नाही. वाघ परत उभा राहत नाही."

त्याने दोनदा वाचलं. बावा गेला होता, जंगल गेलं होतं, अर्धं वाक्य गेलं होतं. ओळ त्याच्या बोलण्याहून चांगली झाली होती. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

नक्कल निघाली. भैयाजींनी एंटर मारलं. लाइट त्या दिवशी गेलीच नाही. मोठ्या पडद्यावर वाघीण आली, तिच्यामागं एक, दोन, आणि दगडाशी अडखळलेलं तिसरं, आणि सगळं सभागृह पुढं सरकलं.

सुरेंद्र मागं येऊन बसला. नवी ओळ घालून त्याने पुस्तिका मंजुरीला घेतली. काळ्या खिडकीने विचारलं, काय बदललं. त्याने लिहिलं, "पुस्तिका बदलली. जयाने लिहिली." बोट एंटरवर नेलं. परत आणलं. पुढं जोडलं, "सांगितली सुरेंद्रने."

समोर जया वळत होती. ती बघायच्या आत त्याने एंटर मारलं, नाहीतर तेवढंही तिने छाटलं असतं.